वर्कबेंचची उंची ठरवताना या चुका टाळा

घरच्या वर्कशॉपमध्ये बेंच बनवताना होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे तयार आराखड्यातली उंची जशीच्या तशी उचलणे. आराखड्यांत बहुधा ८५ ते ९० सेंटीमीटर उंची दिलेली असते, परंतु ती आपल्याला सोयीची ठरेल की नाही, हे आपले शरीर आणि आपण बेंचवर करणार असलेले काम यांवर अवलंबून असते.

माप घेताना कामाच्या वेळचीच पादत्राणे घालून, हात सैल सोडून सरळ उभे राहावे आणि जमिनीपासून कोपरापर्यंतची व मनगटापर्यंतची उंची दुसऱ्या कोणाकडून मोजून घ्यावी. हाताने रंधा मारायचा असेल तर बेंच साधारण मनगटाच्या पातळीवर असावा, कारण त्या उंचीवर अंगाचा भार रंध्यावर देता येतो. बेंच उंच झाला की सगळा जोर नुसत्या दंडांतून लावावा लागतो. जोडणीसारखे हलके काम कोपराखाली १० ते १५ सेंटीमीटरवर सोयीचे पडते, तर सोल्डरिंगसारख्या बारीक कामासाठी पृष्ठभाग कोपराच्या किंचित वर लागतो. एकच बेंच या सर्वांना पुरेल ही अपेक्षा मुळातच चुकीची आहे. बेंच जड कामाच्या हिशेबाने ठेवून बारीक कामासाठी त्यावर एक छोटी चौकी ठेवणे अधिक व्यवहार्य ठरते.

मोजायची असते ती हात जिथे काम करतात ती पातळी, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. कानस चालवताना शेगड्याच्या (म्हणजे तुकडा घट्ट पकडणाऱ्या, बेंचवर बसवलेल्या व्हाइसच्या) जबड्यांची वरची कड कोपराइतकी हवी. १६५ सेंटीमीटर उंचीच्या माणसाचे कोपर साधारण १०३ सेंटीमीटरवर येते. म्हणजे शेगडा १८ सेंटीमीटर उंच असल्यास बेंच ८५ चाच हवा.

कंबर भरून येत असेल तर बेंच बहुधा ठेंगणा आहे, आणि खांदे वर उचलले जात असतील तर तो उंच आहे. ठेंगण्या बेंचच्या पायांखाली सारख्या जाडीचे ठोकळे स्क्रूने पक्के बसवावेत. बेंच उंच वाटला तरी लगेच करवत उचलू नये. काही दिवस फळ्यांच्या बुटक्या मंचावर उभे राहून काम करून पाहावे आणि मगच पाय कापावेत. नवा बेंच करताना पाय तीन-चार सेंटीमीटर लांबच ठेवणे शहाणपणाचे, कारण कापलेले लाकूड पुन्हा वाढत नाही.

टेबल-सॉमागे (टेबलातून गोल पाते वर आलेल्या यंत्रकरवतीमागे) फळीच्या आधारासाठी वापरायचा बेंच मात्र त्या यंत्राच्या टेबलापेक्षा दोन-तीन मिलिमीटर खालीच ठेवावा, नाहीतर कापली जाणारी फळी त्याच्या कडेला अडते.