धरण आणि नदी : अभ्यासाला निघण्यापूर्वीची तयारी

आधी प्रश्न ठरवा, आणि तो लहान ठेवा. 'धरणाचा नदीवर काय परिणाम होतो' हा विषय झाला. 'धरणाखाली पात्रातले गोटे वरच्यापेक्षा मोठे आहेत का' हा प्रश्न झाला, कारण तो मोजून सोडवता येतो. त्यामागचं कारणही गटातल्या प्रत्येकाला सांगता यायला हवं. जलाशयात पाण्याचा वेग संपतो आणि गाळ तळाशी बसतो. खाली सुटणारं पाणी गाळाविना असतं, ते पात्रातली वाळू आणि बारीक खडी उचलून नेतं आणि जड गोटे मागे राहतात. आस्वानचं उच्च धरण १९७० साली पूर्ण झालं. तेव्हापासून नाईलचा जवळजवळ सगळा गाळ तिथेच अडतो आणि त्रिभुज प्रदेशाच्या किनाऱ्याची झीज वाढली आहे. कोलोराडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यन धरणातून खोलवरचं थंड पाणी सुटतं, त्यामुळे खालच्या नदीचं तापमानच बदललं. गोटे, गाळ, तापमान यांतलं एक निवडा, फार तर दोन.

आता जागा. सगळा अभ्यास इथेच तरतो किंवा बुडतो, म्हणून यावर वेळ घालवा. वरची जागा जलाशयाच्या फुगवट्याच्या बरीच वर हवी. फुगवट्यात मोजलं तर ती नदी नसतेच, तळं असतं. खाली भिंतीजवळ एक जागा घ्या आणि मग अंतर वाढवत आणखी काही. धरण नसतानाही नदी उगमापासून खाली येताना बदलतेच, गोटे साधारणपणे लहान होत जातात. तेव्हा धरणाखाली ते मोठे सापडले, तर तो पुरावा वजनदार आहे. उलट, पात्र खाली रुंद झालेलं दिसलं तर ते धरणामुळेच, असं म्हणता येणार नाही. यासाठी तसाच उतार आणि तसाच खडक असलेली, धरण नसलेली जवळची एखादी नदी तुलनेला घ्या. माझ्या मते ही तुलना नसेल तर निष्कर्ष लिहूच नये. खाली उपनदी मिळत असेल तर संगमाच्या आधी आणि नंतर, दोन्हीकडे मोजा, कारण ती स्वतःचा गाळ घेऊन येते. धरणाआधीची नदी पाहायला जुने नकाशे शोधा. लँडसॅट उपग्रहांची चित्रं १९७२ पासूनची आहेत.

परवानगी आणि सुरक्षितता यात तडजोड नको. त्या दिवशी विसर्ग कधी आणि किती, हे धरणाच्या कार्यालयाकडून लेखी घ्या आणि पात्रात उतरण्यापूर्वी फोन करून पुन्हा विचारा. आकाश निरभ्र असलं तरी दरवाजे उघडले की किंवा वीजनिर्मिती सुरू झाली की पाणी झपाट्याने चढतं. एक जण फक्त वरच्या बाजूला लक्ष ठेवील, काही मोजणार नाही. भोंगा वाजला की सामान तिथेच टाकून काठावर यायचं, हे आधीच ठरलेलं असू द्या. लाइफ जॅकेट, शिट्टी आणि प्रथमोपचार पेटी सोबत हवीच.

साहित्य साधंच लागतं: मोजटेप, मोजपट्टी, दोरी, स्टॉपवॉच, थर्मामीटर आणि तरंगणारा लाकडाचा तुकडा. तुकड्यावरून मिळतो तो पृष्ठभागाचा वेग, सरासरीसाठी त्याला साधारण ०.८५ ने गुणा. मग पात्राच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ (रुंदी गुणिले सरासरी खोली) गुणिले वेग म्हणजे प्रवाह. गोटे प्रत्येक जागी शंभर घ्या. पाऊल टाकायचं, खाली न बघता बोटाला लागेल तो उचलायचा आणि लांबी, रुंदी, जाडी यांतलं मधलं माप लिहायचं. डोळ्यांनी निवडलात की मोठेच हाती येतात. तापमान सगळ्या जागी शक्य तितकं एकाच वेळी घ्या, नाहीतर धरणाऐवजी ऊन मोजलं जाईल.

निघण्याआधी रिकामा तक्ता आणि रिकामा आलेख कागदावर काढा. अक्षांवर काय येणार हे लिहिता येत नसेल तर प्रश्नाकडे परत जा. तक्त्यात नोंदीची वेळ आणि त्या वेळचा विसर्ग यांचे रकाने ठेवा, कारण एकाच जागची सकाळची आणि दुपारची नदी वेगळी असू शकते.