ऑनलाइन दुकानात एआर-व्हीआर लावताय? आधी या चुका टाळा

"एआर लावलं, पैसे घातले, पण विक्री काही हलली नाही" ही तक्रार हल्ली पुण्यात बऱ्याच दुकानदारांकडून ऐकू येते, मग ते फर्निचरवाले असोत, देवघरवाले असोत की दागिनेवाले. साइट उघडून बघितली की बहुतेक वेळा पाच मिनिटांत कारण सापडतं. एआर म्हणजे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून वस्तू आपल्या घरात किंवा अंगावर ठेवल्यासारखी दाखवणं, आणि व्हीआर म्हणजे डोळ्यांना हेडसेट लावून पूर्ण कृत्रिम जागेत फिरवणं. टेक्नॉलॉजी वाईट नाहीये हो, ती नक्की कशासाठी लावतोय हेच कुणी ठरवलेलं नसतं.

गिऱ्हाईक ऑनलाइन घेताना कुठल्यातरी एकाच शंकेपाशी अडतं. सोफा आमच्या हॉलमध्ये मावेल का, फ्रेम माझ्या चेहऱ्याला शोभेल का, देवघर त्या कोपऱ्यात भिंतीला लागून नीट बसेल का. एआरने ती शंका मिटवली तर ऑर्डर पडते, नाही मिटवली तर लोक दोन मिनिटं मोबाइल फिरवून बघतात, "भारी आहे" म्हणतात आणि जातात. खालच्या सगळ्या चुका शेवटी इथेच येऊन पोचतात.

चुकीच्या वस्तूला एआर लावणं

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. आयकियाने २०१७ मध्ये प्लेस ॲप काढलं ते फर्निचरसाठी, कारण तिथे शंका मापाची असते. लेन्सकार्टने ट्राय-ऑन, म्हणजे मोबाइलवर घालून बघायची सोय, चष्म्यासाठी ठेवलं, कारण तिथे शंका चेहऱ्याची असते. आता पैठणीचं बघा. पैठणी घेणाऱ्या बाईला शंका असते ती जरीची, काठाच्या विणीची आणि उजेडात रंग कसा दिसतो याची, आणि निऱ्या, पदर, कापडाचं पडणं हे मोबाइलवर लाइव्ह दाखवायचं म्हणजे अजून तरी ते प्लॅस्टिकच्या कागदासारखंच दिसतं. तिथे दिवसाच्या उजेडात काढलेला पदराचा क्लोज-अप व्हिडिओ कुठल्याही थ्रीडी मॉडेलपेक्षा जास्त काम करतो, आणि स्वस्तात.

कुठून सुरुवात करायची हे ठरवायला तुमचं व्हॉट्सॲप उघडा. "साइज काय आहे", "फूट-इंचात सांगा", "आमच्याकडे बसेल का" असं ज्या वस्तूंबद्दल सतत विचारलं जातं त्या आधी घ्या, आणि ज्या मापामुळे परत येतात त्या त्याच्याबरोबर. दहा-बारा वस्तू झाल्या तरी पुरे. सगळ्या कॅटलॉगचे मॉडेल एकदम करून घेऊ नका, मॉडेल बनवणाऱ्या एजन्सीने कितीही डिस्काउंट दिला तरी.

माप चुकणं

हा मुद्दा नीट वाचा, कारण ही चूक दिसत नाही आणि तीच सगळ्यात जास्त नडते.

वेबवर थ्रीडी मॉडेल बहुतेक जीएलबी फाइलमध्ये असतं, आणि त्यात एक युनिट म्हणजे एक मीटर, हे स्टँडर्डमध्येच ठरलेलं आहे. आपल्याकडे फर्निचरचं ड्रॉइंग असतं मिलिमीटरमध्ये नाहीतर इंचात. कन्व्हर्ट न करता फाइल काढली की सात फुटी सोफा, म्हणजे साधारण २१३० मिलिमीटर, हा २१३० मीटरचा होतो, दोन किलोमीटरहून लांब. गंमत अशी नाही की तो मोठा दिसतो, त्रास असा आहे की तो दिसतच नाही, कारण गिऱ्हाईक कॅमेरा धरून त्याच्या पोटात उभं असतं. मग तक्रार येते "एआर चालत नाही", आणि डेव्हलपर दोन दिवस कोड तपासत बसतो.

हे आधी कुणाच्या लक्षात का येत नाही? कारण साइटवरचा थ्रीडी व्ह्यूअर मॉडेल आपोआप चौकटीत बसवतो. पानावर सगळं सुरेख दिसतं, घोळ फक्त एआरमध्ये होतो. त्यामुळे पानावर बघून मॉडेल कधीच पास करू नका.

पास कसं करायचं ते सांगतो. गोडाऊनमध्ये खरा सोफा जिथे ठेवलाय तिथे त्याच्या चारही बाजूंनी फरशीवर मास्किंग टेपने चौकोन आखा, सोफा बाजूला सरकवा, आणि मोबाइलवर एआर उघडून मॉडेल त्या चौकोनात ठेवा. कडा टेपला लागल्या पाहिजेत. बोटभर फरक चालेल, वीतभर फरक असेल तर फाइल परत पाठवा. मग उंची बघा, शेजारी माणूस उभा करून किंवा भिंतीवर टेपने खूण करून. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटकडून लाकूड आणणारा सुतार जेवढ्या काळजीने माप घेतो तेवढीच काळजी इथे हवी, कारण हे माप बघूनच माणूस पैसे भरणार आहे. एकदा का "एआरमध्ये बसत होतं, घरी आल्यावर बसेना" असं झालं की ते गिऱ्हाईक परत येत नाही. चुकीच्या मापाचं एआर ठेवण्यापेक्षा न ठेवलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

अजून दोन गोष्टी याच्यातल्याच. एक, बोटांनी लहान-मोठं करायची सोय फर्निचरसाठी बंद करा, गूगलच्या मॉडेल-व्ह्यूअरमध्ये (वेबपानावर थ्रीडी आणि एआर दाखवायचं टूल) स्केल फिक्स्ड करायची सेटिंग आहे. नाहीतर माणूस चिमटीने देवघर लहान करतो, "बसतंय की" म्हणतो आणि ऑर्डर करतो. दोन, वस्तू हवेत तरंगत असेल किंवा फरशीत घुसली असेल तर मॉडेलचा मूळबिंदू (फाइलमध्ये जिथून सगळी मापं मोजतात तो शून्य बिंदू) तळाच्या मध्यावर आहे का बघा, आणि मॉडेलच्या खाली एखादा विसरलेला तुकडा राहिलाय का तेही बघा, बऱ्याचदा तोच निघतो. भिंतीवरच्या देवघराला आणि शेल्फला भिंतीचं प्लेसमेंट निवडा, फरशीचं नाही.

आणि हो, लिफ्ट! सोफा हॉलमध्ये मावतो हे एआर सांगेल, पण तो सदाशिव पेठेतल्या जुन्या बिल्डिंगच्या अरुंद जिन्यातून वर जाईल का हे नाही सांगत. एआरच्या बटणाखालीच एक ओळ टाका: पॅक केलेल्या सगळ्यात मोठ्या भागाचं माप, सोफा सुटा होतो का, आणि दरवाजा किमान किती रुंद हवा. या एका ओळीने परत येणारा माल कमी होतो.

"फरशी स्कॅन होत नाही" ही तक्रार

मोबाइलला फरशी कळते ती फरशीवरच्या बारीक खुणांवरून, म्हणजे रेषा, डाग, नक्षी, सांधे. नवीन सोसायट्यांमध्ये पांढऱ्या चकाचक व्हिट्रिफाइड टाइल्स असतात, त्यात वरच्या दिव्याचं प्रतिबिंब हलतं, आणि कॅमेऱ्याला धरायला काही मिळतच नाही. जुन्या घरातल्या शहाबादी फरशीवर तेच एआर पटकन चालतं. प्लेन रंगाच्या भिंतीचंही तसंच, रिकाम्या भिंतीवर देवघर चिकटतच नाही.

यावर उपाय कोडमध्ये शोधू नका, सूचनेत द्या. "दिवा लावा, फरशीवर चटई किंवा वर्तमानपत्र टाका, मोबाइल हळू डावी-उजवीकडे फिरवा." एवढं मराठीत लिहा, दोन ओळीत, एआर उघडायच्या आधी. भिंतीसाठी म्हणायचं, जिथे कॅलेंडर किंवा फोटो आहे तिथून सुरू करा.

फाइल जड ठेवणं

एजन्सी म्हणते "४के टेक्स्चर दिलंय" (टेक्स्चर म्हणजे मॉडेलवर चढवलेलं पृष्ठभागाचं चित्र), आपल्याला वाटतं चांगलंच असणार. पण ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलचं एक टेक्स्चर मोबाइलच्या मेमरीत उघडलं की साधारण ६४ एमबी घेतं, मग डिस्कवर त्याची जेपीजी कितीही लहान असो, आणि एका मॉडेलला रंग, चमक, खडबडीतपणा अशी तीन-चार टेक्स्चर असतात. दहा-बारा हजारांच्या फोनवर ब्राउझर सरळ बंद पडतो. २०४८ चं केलं की तेच १६ एमबी, १०२४ चं केलं की ४. सोफ्याला २०४८ पुरतं, लहान वस्तूला १०२४ सुद्धा. आमचा साधा नियम म्हणजे पूर्ण फाइल तीन ते पाच एमबीच्या आत, आणि मॉडेलच्या आकाराची जाळी (मेश) फाइलमध्ये कमी जागेत बसवायला ड्रॅको कॉम्प्रेशन आहेच.

दुसरं, पान उघडताच मॉडेल लोड करू नका. आधी फोटो दाखवा, माणसाने दाबलं की मगच मॉडेल येऊ द्या. नाहीतर एआरमुळे पान हळू होतं आणि ज्याला एआर नको होतं तोही जातो.

कापडाचे बारा रंग असतील तर बारा मॉडेल बनवून घेऊ नका. एकाच जीएलबीत वेगवेगळी मटेरियल्स ठेवायची सोय आहे, मटेरियल व्हेरियंट्स म्हणतात तिला, एजन्सीला तेवढंच सांगा.

बटण आणि ब्राउझर

बटणावर नुसतं "एआर" लिहिलं तर निम्म्या लोकांना कळत नाही. "तुमच्या घरात ठेवून बघा" लिहा. ते फोटोंच्या अगदी शेवटी लपवू नका. कॉम्प्युटरवर बघणाऱ्याला क्यूआर कोड दाखवा म्हणजे तो मोबाइलवर उघडेल.

आता जिथे बहुतेकांचं घोडं अडतं ते: जाहिरात इन्स्टाग्रामवर असते, माणूस तिथेच लिंक दाबतो आणि साइट इन्स्टाच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडते. तिथे, विशेषतः आयफोनवर, एआर बऱ्याचदा उघडतच नाही. तुम्ही ऑफिसमध्ये सफारीत टेस्ट केलेलं असतं त्यामुळे तुमच्याकडे चालतं, गिऱ्हाइकाकडे नाही. आतला ब्राउझर ओळखून "सफारीत उघडा" किंवा "क्रोममध्ये उघडा" असा मेसेज द्या, आणि टेस्ट करताना स्वतःच्या जाहिरातीवरून आत या.

आयफोनवर एआर दाखवणाऱ्या क्विक लूकला यूएसडीझेड प्रकारची फाइल लागते, ॲन्ड्रॉइडवर तेच काम करणाऱ्या सीन व्ह्यूअरला जीएलबी चालते, म्हणून दोन्ही घ्या. आयफोनवर एआर न उघडता फाइल नुसती डाउनलोड होत असेल तर सर्व्हरवर त्या फाइलचा टाइप (माइम टाइप) आणि लिंकच्या कोडमधलं एआरचं 'rel' ॲट्रिब्यूट डेव्हलपरकडून तपासून घ्या. साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित कनेक्शनवर, नसेल तर ब्राउझर साइटला कॅमेरा देणारच नाही. आणि ॲन्ड्रॉइडवर एआरकोर (गूगलची एआर चालवणारी सेवा) सगळ्या फोनना चालत नाही, गूगल फोन तपासून यादीत घालतं. यादीत नसलेल्या फोनवर मेलेलं बटण दाखवण्याऐवजी फिरवून बघायचं थ्रीडी आणि माप लिहिलेला फोटो दाखवा.

चमकणारी वस्तू

सोनं, तांबं, काच. फोटो काढून मॉडेल बनवायची पद्धत, म्हणजे फोटोग्रामेट्री, इथे साफ हरते, कारण प्रत्येक फोटोत चमक वेगळ्या जागी असते आणि सॉफ्टवेअरला वाटतं वस्तूच हलली. कसबा पेठेतल्या तांबट आळीतला मठारलेला तांब्या घ्या. त्याच्यावरचे हातोडीचे ठोके हीच त्याची किंमत, आणि स्कॅनमध्ये नेमके तेच वितळल्यासारखे दिसतात. अशा वस्तूचा आकार हाताने मॉडेल करून घ्यायचा, ठोक्यांसाठी वेगळं नॉर्मल मॅप (उंचसखलपणाचा भास देणारं टेक्स्चर) बनवायचं, आणि आजूबाजूच्या प्रकाशासाठी चांगली एचडीआर इमेज (खऱ्या जागेचा उजेड-अंधार नीट टिपलेला फोटो) लावायची. धातूचा रंग दिसतो तो त्यात पडलेल्या आसपासच्या प्रतिबिंबातूनच, त्यामुळे प्रकाश फालतू असेल तर बावीस कॅरेटची ठुशीसुद्धा पितळेची वाटते.

रंग फिके किंवा बदललेले वाटत असतील तर टोन मॅपिंग बघा, म्हणजे मॉडेलचा प्रकाश आणि रंग स्क्रीनवर कसे उतरवायचे ती सेटिंग. थ्रीडीची स्टँडर्ड्स ठरवणाऱ्या ख्रोनोस ग्रुपने २०२४ मध्ये पीबीआर न्यूट्रल नावाचं टोन मॅपिंग आणलं ते प्रॉडक्टचे रंग शक्यतो जसेच्या तसे दिसावेत म्हणूनच. सागवानावरचं पॉलिश आणि सोफ्याचं कापड यासाठी फरक लगेच दिसतो.

व्हीआरचं थोडक्यात

घरात हेडसेट असलेलं गिऱ्हाईक आपल्याकडे फार थोडं, त्यामुळे साइटसाठी व्हीआर शोरूम बांधू नका. प्रदर्शनाच्या स्टॉलवर किंवा मॉड्युलर किचन विकताना, जिथे वस्तू अजून बनलेलीच नसते, तिथे मात्र हेडसेट खरंच उपयोगी पडतो. तिथे माणसाला सरकवत फिरवू नका, एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारू द्या, नाहीतर चक्कर येते. खुर्ची द्या, प्रत्येकानंतर पॅड पुसा, चष्मेवाल्यांसाठी स्पेसर (चष्म्याला जागा करून देणारी कड) ठेवा. साइटसाठी मोबाइलवर चालणारे ३६० अंशांचे फोटो भरपूर झाले.

चेहरा आणि परवानगी

नथ, चष्मा, लिपस्टिक ट्राय करताना कॅमेरा चेहरा बघतो, आणि लोक इथे बिचकतात, ते बरोबरच आहे. पान उघडताच परवानगी मागू नका, बटण दाबल्यावर मागा. फोटो फोनमध्येच राहतो की सर्व्हरवर जातो ते एका ओळीत खरं-खरं लिहा. जात असेल तर २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्याप्रमाणे स्पष्ट संमती घ्यायची तयारी ठेवा. शक्यतो फोनमध्येच प्रोसेस होणारं टूल निवडा.

चुकीचा हिशोब

"एआर बघणारे बाकीच्यांपेक्षा जास्त घेतात" असा रिपोर्ट एजन्सी देते. आकडा खरा असेलही, पण बटण दाबतं कोण? ज्याला आधीच घ्यायचंय तो. तो तसाही घेणारच होता. खरं बघायचं असेल तर काही आठवडे अर्ध्या लोकांना बटण दाखवा, अर्ध्यांना नको, आणि दोन्ही गटांतल्या सगळ्या लोकांच्या ऑर्डरी मोजा, फक्त दाबणाऱ्यांच्या नाही. परत आलेला मालही मोजा, कॅश ऑन डिलिव्हरीचा वेगळा.

लहान दुकानाला एवढ्या ऑर्डरी नसतात हे मान्य. मग एआर लावलेल्या आणि न लावलेल्या सारख्याच वस्तूंची तुलना करा, पण गणपती ते दिवाळीच्या काळात नको, कारण तेव्हा विक्री वाढतेच आणि श्रेय उगाच एआरला जातं. "साइज काय" असे मेसेज कमी झाले का हेही बघा, ते तर फुकटात कळतं.

फाइल तुमच्या हातात नसणं

इन्स्टाग्रामचे फिल्टर बनवून घेतलेल्यांना आठवत असेल, इन्स्टाग्रामच्या मालक कंपनी मेटाने फिल्टर बनवायचा स्पार्क प्लॅटफॉर्म १४ जानेवारी २०२५ ला बंद केला आणि ब्रँड्सनी पैसे मोजून करून घेतलेले फिल्टरही त्याच्याबरोबर गेले. म्हणून दुसऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर सगळं ठेवू नका. एजन्सीकडून जीएलबी आणि यूएसडीझेड तर घ्याच, पण ब्लेंडर किंवा ज्यात मॉडेल बनवलं ती मूळ फाइल आणि सगळी टेक्स्चरही घ्या, आणि हे कोटेशनमध्येच लिहून घ्या. शेवटचा हप्ता द्यायच्या आधी त्या फाइल दुसऱ्या कुणाच्यातरी कॉम्प्युटरवर उघडून बघा, टेक्स्चरच्या जागी गुलाबी रंग दिसला तर फोल्डर अर्धवट दिलंय असं समजा आणि पूर्ण मागा.