‘बिचारे’ न म्हणता: कष्टाच्या कामांविषयीच्या गोष्टी मुलांसोबत कशा वाचाव्यात

रस्ता झाडणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या किंवा आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्या माणसाची गोष्ट वाचून झाली की मुलांच्या तोंडून बहुतेकदा पहिला शब्द येतो ‘बिचारे’. वाचून दाखवणाऱ्याला वाटतं, चला, गोष्ट पोहोचली. प्रत्यक्षात ती तिथेच अडकलेली असते. कीव यायला कामाची माहिती लागत नाही, आदर वाटायला लागते. काम कसं करतात, त्यात कुठे चुकतं, चुकलं तर काय होतं हे कळलं की करणाऱ्याकडे बघायची नजर बदलते. म्हणून इथली सगळी पद्धत एका क्रमावर बेतली आहे: आधी हात आणि हत्यारं, मग माणूस, आणि भावना सगळ्यांत शेवटी.

साधारण ४ ते १० वर्षांच्या मुलांना ती चालते. घरी एका मुलासोबत करता येते. वर्गात किंवा वाचनालयात ६ ते ८ जणांचा गट बरा, कारण गट मोठा झाला की मागच्यांना चित्र दिसत नाही आणि ज्याला चित्र दिसत नाही तो शेजाऱ्याला कोपराने ढोसत बसतो. आठवड्यातून एक बैठक, अर्ध्या तासाची. एकच पुस्तक तीन बैठका पुरवायचं. दर वेळी नवं पुस्तक आणण्याचा उत्साह इथे आवरावा लागतो.

पुस्तक निवडताना

दुकानात किंवा वाचनालयात उभ्याउभ्या चार गोष्टी तपासता येतात. काम करणाऱ्याला नाव आहे का, की तो नुसता ‘झाडूवाला’ आहे? चित्रात त्याचे हात कामात दिसतात का, की तो फक्त हसत उभा आहे? गोष्ट पुढे सरकते ती त्याच्या कौशल्यामुळे, की कुणा दयाळू श्रीमंताच्या मदतीमुळे? आणि शेवट काय होतो? गोष्टीतला माणूस शेवटी ते काम सोडून ‘मोठा’ होत असेल, किंवा मुळात वेष बदललेला राजपुत्रच निघत असेल, तर मुलांच्या मनात राहतं ते एवढंच, की हे काम म्हणजे सुटका करून घ्यायची गोष्ट. असं पुस्तक वाईट नसतं, पण या कामाचं नाही.

प्राण्यांच्या गोष्टी मुलांना आवडतात, तरी इथे माणसांच्या गोष्टी घ्याव्यात. टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४ ते ६ वर्षांच्या मुलांना वस्तू वाटून घेण्याची एकच गोष्ट दोन प्रकारे वाचून दाखवली होती, एकदा माणसांची पात्रं घेऊन आणि एकदा माणसासारखी वागणारी जनावरं घेऊन. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नंतर आपले स्टिकर जास्त वाटले. जनावरांच्या गोष्टीने वाटणं वाढलं नाही.

उर्मटपणाची शिक्षा होणाऱ्या गोष्टींचाही फारसा उपयोग होत नाही. खरं बोलण्याविषयी २०१४ साली झालेल्या एका प्रयोगात, खोटं बोलल्यावर वाईट होतं हे सांगणाऱ्या गोष्टींनी मुलांच्या वागण्यात फरक पडला नाही. खरं बोलल्याचं चांगलं झालं हे दाखवणाऱ्या गोष्टीने पडला. कष्टाच्या कामांच्या बाबतीतही, ज्या गोष्टीत कुणीतरी नीट वागतं आणि त्यामुळे काम सोपं होतं, ती आधी उचलावी.

क्रियापदाकडे लक्ष

मराठीत मोठ्याने वाचताना एक खास अडचण येते, आणि ती बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. ‘डॉक्टर आले, त्यांनी तपासलं’ आणि दोन पानांनी ‘सफाई कामगार आला, त्याने झाडलं’. ‘बाई वर्गात आल्या’, पण ‘कामवाली आली’. पुस्तकाच्या भाषेत कुणाला मान आहे हे क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरात लपलेलं असतं आणि मुलं ते अचूक उचलतात. चर्चेत कितीही आदराच्या गोष्टी केल्या तरी त्या ‘आला’ने केलेलं काम त्या पुसून टाकू शकत नाहीत.

म्हणून वाचनाआधी पुस्तक दोनदा चाळा आणि पेन्सिलने कडेला बदल लिहून ठेवा: आला – आले, त्याने – त्यांनी, ती – त्या. वाचता वाचता बदलू म्हणाल तर तिसऱ्या वाक्याला जीभ घसरतेच. सात वर्षांच्या पुढच्या मुलांना उलट मूळ मजकूरच वाचून दाखवा आणि कुणाला ‘आले’ म्हटलंय, कुणाला ‘आला’, हे शोधायला सांगा. ती यादीही करतात, आणि नंतर घरातल्या मोठ्यांना पकडतात. त्याची तयारी ठेवा. ‘काका’ किंवा ‘मावशी’ म्हटलं की भागलं, असंही समजू नका. हाक गोड असते, पण त्या माणसाचं नाव माहीत नसतं.

तीन बैठका

पहिल्या बैठकीत पुस्तक सलग वाचा, न थांबता. दहा-बारा मिनिटं लागतात. मधे प्रश्न विचारले की गोष्ट तुटते आणि मुलं उत्तराच्या धास्तीने ऐकू लागतात. वाचून झाल्यावर एवढंच विचारा, ‘कुठलं पान परत बघायचंय?’

दुसऱ्या बैठकीत थांबायचं, पण तीनच ठिकाणी. पानांना आधीच तीन चिठ्ठ्या लावून ठेवा. चौथी लावाविशी वाटते, लावू नका. प्रश्न कामाचे:

– यांनी आधी काय केलं, मग काय? उलट क्रमाने केलं असतं तर?
– हातात हेच हत्यार का? दुसरं का नाही?
– या पानावर त्यांचं शरीर कुठे दुखत असेल?
– हे काम झालं नाही तर उद्या सकाळी सगळ्यांत आधी कुणाच्या लक्षात येईल?

तिसरा प्रश्न भावनेच्या अगदी जवळचा आहे, पण तो कंबरेतून आणि खांद्यातून जातो, म्हणून ‘बिचारे’कडे वळत नाही. ‘तुला कसं वाटलं असतं?’ हा प्रश्न मात्र इथे नको. लहान मुलं त्याला एक ठरलेलं उत्तर देतात, ‘वाईट’, आणि विषय तिथेच मिटतो.

प्रश्न विचारला की मनात तीन आकडे मोजा. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या सुमारास वर्गांमधलं बोलणं तपासलं, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबतात असं आढळलं. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात, पण शांततेत ते जड जातात. पाण्याचा घोट घ्या, वेळ निघून जातो.

तिसऱ्या बैठकीत मुलं सांगतात आणि मोठा माणूस ऐकतो. ही अदलाबदल मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या संवादी वाचनाच्या पद्धतीतली आहे. तिथे हेतू भाषा वाढावी हा होता. इथे तिचा आणखी एक उपयोग होतो: कामाचे टप्पे स्वतः सांगताना मुलांना कळतं की मधला एखादा टप्पा आपल्याला माहीतच नाही. तिथे अडलं की सांगून टाकू नका. पुस्तक उघडून बघू द्या.

हात लावल्याशिवाय नाही

दुसऱ्या आणि तिसऱ्या बैठकीच्या मधे गोष्टीतलं काम, किंवा त्याचा एक तुकडा, मुलांनी करून बघायचा. केर काढणं घ्या. साधारण दोन मीटर बाय दोन मीटर जागा, त्यावर दोन चमचे बारीक वाळू आणि मूठभर फाटक्या कागदाचे कपटे. एक केरसुणी, एक सुपली, पंखा बंद. कुणाला दम्याचा त्रास असेल तर वाळू नको, नुसते कपटे. प्रत्येकाला पाच मिनिटं.

काय होतं ते बघण्यासारखं असतं. बहुतेक मुलं दारापासून सुरुवात करतात, म्हणजे झाडलेल्या जागेवरूनच चालत राहतात. केरसुणी जमिनीवरून उचलून पुढे फेकल्यासारखी चालवतात, त्याने कपटे उडतात आणि वाळू जागेवरच राहते. शेवटी सगळं सुपलीपाशी येतं आणि खरी अडचण तिथे सुरू होते: कपटे आत जातात, पण वाळूची एक बारीक रेघ सुपलीच्या कडेबाहेर उरते. मूल जोरात झाडतं, रेघ सुपलीखाली जाते.

इथे उत्तर लगेच देऊ नका. दोन-तीन जणांची फजिती झाली की दाखवा. कोपऱ्यातून आणि भिंतींकडून सुरुवात, केरसुणी जमिनीला टेकवून छोटे फराटे, सुपलीची पुढची कड जमिनीला दाबून धरलेली. रेघ उरली की सुपली वीतभर मागे घ्यायची, पुन्हा झाडायचं. असं दोन-तीनदा. तरी उरलेलं ओल्या फडक्याने टिपायचं. मग लगेच पुस्तकातलं ते पान उघडून विचारा, ‘चित्रकाराने सुपली बरोबर काढलीय का?’ मघाशी ‘शी’ म्हणणारी मुलं आता चित्रातल्या चुका काढतात. आदराची सुरुवात अशी जाणकारीतून होते, उपदेशातून नाही.

काम शिक्षा म्हणून कधीच देऊ नका. ‘दंगा केलास, आता वर्ग झाड’ हे एक वाक्य तिन्ही बैठका वाया घालवतं.

जिथे हमखास बिघडतं

सगळ्यांत जुना दोष म्हणजे ‘अभ्यास केला नाहीस तर हेच करावं लागेल’. गटातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला हे आधी सांगून ठेवा, कारण कुणीतरी मागून प्रेमाने म्हणतंच.

गटातल्या एखाद्या मुलाचे आई-वडील तेच काम करत असतील तर त्याच्याकडे बोट दाखवू नका. ‘तुझे बाबाही हेच करतात ना, सांग बरं’ यात आपला हेतू कितीही चांगला असो, बाकीची मुलं वळून त्याच्याकडे बघतात आणि त्याला ते नको असू शकतं. त्याने आपणहून सांगितलं तर मात्र त्याला वेळ द्या. त्या दिवशी जाणकार तोच.

तारे, गुण, ‘दयाळू विद्यार्थी’ असली बक्षिसं टाळा. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये २० महिन्यांच्या बाळांवर केलेल्या प्रयोगात, मदतीबद्दल वस्तू बक्षीस मिळालेली बाळं पुढे कमी मदत करू लागली. मोठी मुलं तर तारे मोजतात.

आणि मग एक प्रश्न येतोच: ‘एवढं अवघड आहे, तर त्यांना पैसे कमी का?’ टाळू नका. खरं उत्तर असं, की मोबदला फक्त कौशल्यावर ठरत नाही. ते काम करायला किती जण नाइलाजाने तयार आहेत, त्यांना एकत्र येऊन मागता येतं का, आणि ते आजवर कुणी केलंय, यावरही ठरतो. घरातल्या कामाला तर पैसेच नसतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगात रोज सुमारे १,६४० कोटी तास बिनमोबदल्याच्या घरकामात आणि देखभालीत जातात, आणि त्यातलं तीन चतुर्थांशाहून अधिक काम बायका करतात. आठ वर्षांपुढच्या मुलांना २४ ऑक्टोबर १९७५ चा आइसलँडमधला दिवस सांगा. त्या दिवशी तिथल्या सुमारे ९० टक्के बायकांनी नोकरीचं आणि घरचं, दोन्ही काम बंद ठेवलं आणि बरेच बाप मुलांना घेऊन कामावर गेले. मग वहीत एक पान लिहायला द्या: आपल्या गोष्टीतलं काम एक दिवस थांबलं, सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत काय काय झालं? तासवार लिहायला लावा, म्हणजे ‘सगळीकडे घाण झाली’ या एका ओळीवर सुटका होत नाही.

पुस्तकाबाहेर

‘धन्यवाद’ची रंगीत कार्डं करायची घाई असते. ती वाईट नाहीत, पण कार्ड देऊन मुलांचं समाधान होतं आणि समोरच्याचं काम तेवढंच राहतं. त्याआधी विचारा: ‘आम्ही काय केलं तर तुमचं काम हलकं होईल?’ विचारायचं तेही काम चालू असताना अडवून नाही. आदल्या दिवशी मोठ्यांनी जाऊन वेळ मागावी, दहा मिनिटं पुरेत, आणि समोरचा नाही म्हणाला तर तिथेच थांबावं. फोटो काढायचा असेल तर आधी विचारावं. मुलांना दोनच प्रश्न देऊन पाठवा, दुसरा असा: ‘या कामातलं कुठलं कौशल्य लोकांना दिसत नाही?’

उत्तरं साधी असतात आणि लगेच करण्यासारखी. ओला कचरा गळणाऱ्या पिशवीत न देणं, चपला पुसलेल्या फरशीवर न नेणं, जड पिशवी एक करण्याऐवजी दोन हलक्या करणं. फुटलेली काच टाकायची तर मोठ्यांनी ती वर्तमानपत्राच्या चार-पाच जाड घड्यांत किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात बांधावी, चिकटपट्टी चारी बाजूंनी फिरवावी आणि बाकीच्या कचऱ्यापासून वेगळी ठेवावी. मुलांचं काम त्यावर ‘काच’ लिहिण्याचं. ठळक अक्षरांत, आणि दोन्ही बाजूंना, कारण उचलणाऱ्याच्या हाताला कुठली बाजू आधी लागेल ते आपल्याला ठाऊक नसतं.