‘पित्त झालंय’ म्हणत गोळ्या खाताय? या चुका टाळा

गेली १४ वर्षं मी अन्ननलिकेची मॅनोमेट्री करते. नाकातून बारीक नळी सरकवायची, पेशंटला ५-५ मिली पाणी १० वेळा गिळायला लावायचं आणि आतले स्नायू कसे आवळतात ते पडद्यावर बघायचं. समोर बसलेला जवळपास प्रत्येक जण सांगतो, “मॅडम, माझ्या पोटात ॲसिड फार होतं.”

पहिली चूक हीच. बहुतेकांचं ॲसिड इतरांइतकंच असतं, ते नको तिथे जातं एवढंच. (आणि पित्त तर यकृतात तयार होतं, पण ती लढाई मी कधीच सोडली.) अन्ननलिका जेमतेम २५ सेंटिमीटरची. घास गिळला की वरून खाली स्नायूंची लाट निघते आणि ८-१० सेकंदांत त्याला पोटाशी पोचवते. तळाशी ३-४ सेंटिमीटरचा आवळून बसलेला स्नायू असतो, त्याला आपण झडप म्हणू. घास आला की ती उघडते, गेला की मिटते. पण पोट तट्ट फुगलं की काही गिळलेलं नसतानाही ती सैल पडते, १० सेकंदांहून जास्त. ढेकर याच वाटेने येतो आणि ॲसिडही. वर आलेलं ॲसिड खाली ढकलायचं काम पुन्हा त्या लाटेचंच, उरलंसुरलं लाळ निवळते. लाट दुबळी असेल तर ॲसिड रेंगाळतं. रात्री तर जास्तच, कारण झोपेत आपण गिळतही नाही फारसं आणि लाळही आटते.

गोळीने ॲसिड कमी होतं. झडप घट्ट होत नाही, लाटेला जोर येत नाही. त्यामुळे जळजळ थांबली तरी घशाशी पाणी येतच राहतं, आणि मग मंडळी मेडिकलवाल्याला विचारून डोस दुप्पट करतात.

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते: छातीत जळतंय म्हणजे रिफ्लक्सच, म्हणजे पोटातलं ॲसिड वर येतंय असंच धरून चालणं. एक तिशीतला मुलगा आला होता. चार वर्षं पँटोप्राझोल (ॲसिड कमी करणारी गोळी), एंडोस्कोपी नॉर्मल, आणि झडप घट्ट करायच्या ऑपरेशनची तारीखसुद्धा ठरलेली. मॅनोमेट्री राहिली म्हणून पाठवलेला. मामा दारातच म्हणाले, “ताई, ही तपासणी टाळता नाही का येणार? ऑपरेशन तर करायचंच आहे.” आई मात्र सहज बोलून गेली, “भाकरीचा घास हा उभं राहून, वरून पाणी पिऊन उतरवतो. आणि सकाळी उशीवर रात्रीच्या भाताची शितं असतात.” मी विचारलं, आंबट वास येतो का? नाही म्हणाली.

तिथेच मला शंका आली. पोटातून परत आलेलं अन्न आंबट असतं. हे पोटात पोचलंच नव्हतं. नळी घातली, पाणी दिलं. दहाच्या दहा वेळा लाट नाही. सगळी अन्ननलिका एकदम ताणली जायची आणि खालची झडप उघडायचं नाव घेईना. या आजाराचं नाव अकॅलेशिया. जळजळ होती ती अडकून पडलेल्या अन्नाची. जी झडप मुळात उघडतच नाही, तिला हे लोक आणखी आवळायला निघाले होते! त्याचं ऑपरेशन नंतर झालं, पण उलटं, झडपेचा स्नायू कापायचं. घास अडकत असेल, वजन उतरत असेल, शौच काळी होत असेल तर घरी गोळ्या खात बसू नका. आणि छातीत दुखत असेल तर आधी हृदय तपासा, अन्ननलिका नंतर.

बाकीच्या चुका पटापट सांगते.

जेवणावर सोडा पिणं. गॅस होतो, पोट फुगतं, झडप सैल पडते. ढेकर आल्याचं समाधान दोन मिनिटांचं.

तीन उशा घेऊन झोपणं. त्याने पोट दुमडून दाब वाढतो. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवा, १५-२० सेंटिमीटर. माझ्या घरी आहेत, दिसतात वाईट.

वामकुक्षीच्या नावाखाली उताणं पसरणं. वाम म्हणजे डावं! डाव्या कुशीवर पोटातलं ॲसिड झडपेच्या खाली राहतं, उजव्या कुशीवर झडपेशीच येऊन थांबतं. रात्रीही डावी कूसच बरी. पण जेवण आणि झोप यांत मी तरी तीन तास सोडते.

पँटोप्राझोलसारखी गोळी जेवण झाल्यावर आठवणं. ती जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची असते.

रक्तदाबाच्या किंवा दम्याच्या काही गोळ्यांनी झडप ढिली पडते हे वाचून त्या परस्पर बंद करणं. असलं काही करू नका, डॉक्टरांना विचारा.

आणि तपासणीच्या दिवशीची चूक. मी पाणी दिलं की लोक घाबरून लागोपाठ दोन-तीनदा गिळतात. पहिली लाट अर्ध्यात असताना दुसऱ्यांदा गिळलं की पहिली तिथेच विझते, आणि पडद्यावर चांगली अन्ननलिकाही लुळी दिसते. मग तो घोट पुन्हा. एक घोट, मग ३० सेकंद गप्प. तोंडात लाळ साचेल, साचू द्या. आकडे मी मोजते.