इंग्रजी न येणाऱ्यांना मेक्सिकन सिनेमा कसा दाखवावा

सिडकोतल्या आमच्या घरी महिन्यातून एका शनिवारी दुपारी सात-आठ बायका जमतो आणि मेक्सिकोतल्या दिग्दर्शिकांचे सिनेमे बघतो. सबटायटल्स इंग्रजीत असतात आणि माझ्या सासूबाईंसकट चौघींना इंग्रजी येत नाही. म्हणून मी वही घेऊन टीव्हीशेजारी बसते आणि मराठीत वाचून दाखवते. मूकपटांच्या काळी पडद्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचणारा माणूस थिएटरात असायचा. फाळक्यांच्या नाशकात ती पद्धत घरात आणायला काहीच हरकत नाही.

सुरुवात लिला आविलेस यांच्या ‘तोतेम’पासून (२०२३) करा. सात वर्षांची सोल, आजोबांचं घर, आणि आजारी चित्रकार बाबांचा वाढदिवस, बहुधा शेवटचा. सगळं एकाच दिवसात घडतं. एक बहीण केकच्या मागे लागलेली, दुसरीने घरातली पीडा काढायला बाई बोलावलेली. ‘दृष्ट काढतेय गं ती,’ सासूबाई लगेच म्हणाल्या. हे घर आपल्या बायकांना ओळखीचं वाटतं.

आदल्या दिवशी सिनेमा एकटीने पूर्ण बघा आणि आधी नाती लावून घ्या. इंग्रजीत नुसतं ‘आंट’ येतं, स्पॅनिशमध्येही ‘तिआ’ एकच. मराठीत मात्र आत्या, मावशी, काकू हे ठरवल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. पहिल्यांदा मी घाईत ‘मावशी’ वाचलं आणि शेजारच्या काकू अर्धा तास ते सोलचं आजोळ समजून बसल्या. आजारी माणूस त्या घरचा जावई, मग त्याची सेवा सासुरवाडीत का, हेच कोडं त्यांना पडलं होतं. नुरी आणि आलेहांद्रा या बाबांच्या बहिणी, म्हणजे आत्या. एवढा एक शब्द दुरुस्त केला की सगळं घर जागेवर बसतं.

दुसरी गोष्ट कानाने करायची. इंग्रजीत सगळ्यांना ‘यू’. स्पॅनिशमध्ये ‘तू’ला तूच म्हणतात आणि परक्याला किंवा मोठ्याला ‘उस्तेद’. ‘उस्तेद’ ऐकू आलं की वहीत ‘तुम्ही’ लिहा.

प्रत्येक वाक्य मात्र वाचू नका. सुरुवातीला गाडीत आई-लेक पूल जाईपर्यंत श्वास रोखतात आणि मनात इच्छा धरतात. बाबा मरू नयेत, एवढीच सोलची इच्छा. ते एकदाच, हळू वाचा आणि नंतर गप्प राहा.

पुढच्या महिन्यात आविलेस यांचाच पहिला सिनेमा, ‘ला कामारिस्ता’ (२०१८). मेक्सिको सिटीतल्या आलिशान हॉटेलात खोल्या साफ करणारी एव्ह, कुणीतरी विसरून गेलेल्या लाल ड्रेसवर जीव जडलेली. आमच्यातली एकजण पंचवटीतल्या लॉजमध्ये हेच काम करते. चादर घालताना एव्हचे हात बघून ती पुढे सरकून बसली आणि शेवटपर्यंत मागे टेकली नाही. इथे संवाद कमी, वहीची दोन पानं पुरतात.

तातियाना वेसो यांचा ‘नोचे दे फुएगो’ (२०२१) तिसरा ठेवा. आधी माहितीपट केलेल्या या बाईंचा हा पहिला कथापट, कान महोत्सवात त्याची खास दखल घेतली गेली. सुरू करण्याआधी दोन वाक्यं सांगाच: मेक्सिकोत सरकारी नोंदीतल्या बेपत्ता माणसांचा आकडा मे २०२२ मध्ये एक लाखावर गेला, आणि या सिनेमातल्या डोंगरगावात टोळ्या मुली पळवतात. मग केस कापण्याचा प्रसंग वेगळा सांगावा लागत नाही. मुलींना कारण सांगतात उवांचं. खरं कारण, त्या मुलगे दिसाव्यात. मी तिथे वही मिटते.

त्यानंतर लगेच चहा ठेवू नका, थोडा वेळ जाऊ द्या. फर्नांडा वालादेस यांचा ‘सिन सेन्यास पार्तिकुलारेस’ (२०२०), सीमेकडे निघालेल्या मुलाला शोधणाऱ्या आईचा, मी अजून राखून ठेवलाय. त्या दिवशी वही दोघींनी धरायची असं ठरलंय, कारण माझा आवाज टिकणार नाही.