मोटरहोममध्ये थंडीसाठी कोणता हीटर घ्यायचा

आधी हे ठरवा की रात्री गाडी प्लगला जोडलेली असणार की नाही, कारण सगळं त्यावरच आहे. कॅम्पसाइटवर लाईट मिळणार असेल तर साधा इलेक्ट्रिक हीटर बेस्ट, ना धूर ना वास. पण तोच बॅटरीवर चालवायचं डोक्यात असेल तर सोडून द्या, १५०० वॅटचा हीटर १२ व्होल्टच्या बॅटरीतून सव्वाशे अँपिअर ओढतो म्हणजे १०० अँपिअर-अवरची बॅटरी तासभरही टिकत नाही.

लाईट नसेल तर डिझेल हीटर, माझं स्पष्ट मत. गाडीच्याच टाकीतून डिझेल घेतो, करंट थोडासाच लागतो, फक्त सुरू होताना ग्लो प्लग (डिझेल पेटवायला तापणारी कांडी) जरा जास्त करंट खेचतो तेव्हा बॅटरी अगदीच उतरलेली नको. गॅस हीटरही चांगला, पण सिलिंडर प्रोपेनचाच आहे ना ते बघा, सिलिंडरमधल्या पातळ ब्युटेनचा शून्य अंशाच्या आसपास गॅस व्हायचाच थांबतो आणि मग सिलिंडर भरलेला असून हीटर पेटत नाही.

आणि प्लीज, गॅसची शेगडी पेटवून गाडी गरम करू नका! त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला (सीओ) वास नसतो, झोपेत कळतही नाही. शिवाय १ किलो गॅस जळला की दीड लिटरच्या वर पाणी वाफ होऊन आत साठतं, तेच सकाळी काचांवरून ओघळतं आणि गाद्या ओल्या. त्यामुळे ज्याचा धूर पाइपने बाहेर जातो असाच हीटर घ्या आणि झोपायच्या जागेजवळ सीओ अलार्म लावाच.