मुलांचं वागणं मोजायचं कसं: निरीक्षणाच्या नोंदी, पायरीपायरीने

‘हा मुलगा आज फार भांडखोर वागला’ ही नोंद अभ्यासाच्या कामाची नाही. फार म्हणजे किती, भांडखोर म्हणजे नेमकं काय केलं, सुरुवात कुणी केली, यातलं काहीच तिच्यातून कळत नाही. तीच खोली तोच अर्धा तास दोघांनी पाहिली, तर एकाला भांडण दिसतं आणि दुसऱ्याला दंगामस्ती. म्हणून निरीक्षणावर आधारलेल्या अभ्यासात सगळा भर एका गोष्टीवर द्यावा लागतो: दोन माणसांनी एकमेकांना न विचारता केलेल्या नोंदी जुळल्या पाहिजेत. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. उदाहरणादाखल एक छोटा अभ्यास धरू: ३ ते ५ वर्षांची १० मुलं, मोकळ्या खेळाची वेळ आणि दोन निरीक्षक.

व्याख्या लिहिण्याचं काम

आधी प्रश्न एका वाक्यात लिहा. ‘मुलांचं सामाजिक वर्तन कसं असतं’ यावरून काय मोजायचं ते ठरत नाही. ‘पाच वर्षांची मुलं तीन वर्षांच्या मुलांपेक्षा जास्त वेळ एकत्र खेळतात का’ यावरून लगेच ठरतं: खेळाचा प्रकार आणि त्यात गेलेला वेळ.

मग वागण्याचे प्रकार पाडा आणि प्रत्येकाला छोटा कोड द्या. खेळाच्या बाबतीत सुरुवात शून्यापासून करण्याची गरज नाही. मिल्ड्रेड पार्टेन यांनी मिनेसोटा विद्यापीठात केलेल्या आणि १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा प्रकार पाडले होते: नुसतंच असणं, इतरांचा खेळ बघणं, एकट्याने खेळणं, शेजारी बसून पण आपापलं खेळणं, सोबतीने खेळणं आणि ठरवून, कामं वाटून घेऊन खेळणं. पार्टेन प्रत्येक मुलाकडे एकेक मिनिट पाहून नोंद करत. हे प्रकार आजही वापरता येतात. गाडी अडते ती चौथ्या आणि पाचव्या प्रकाराच्या सीमेवर. दोन मुलं ठोकळ्यांच्या एकाच ढिगातून ठोकळे घेतायत, पण बोलत नाहीत, तर ते शेजारचं खेळणं की सोबतीचं? याचं उत्तर नोंदी सुरू करण्याआधी कागदावर हवं. आयत्या वेळी जो तो आपल्या मनाने ठरवतो, आणि तीच दोघांच्या नोंदींतली तफावत होऊन बसते.

चांगल्या व्याख्येत चार गोष्टी असतात: डोळ्यांना काय दिसलं पाहिजे, एक नेमकं उदाहरण, जवळचं वाटणारं पण न धरायचं एक उदाहरण, आणि ते वागणं सुरू कधी व संपलं कधी मानायचं. ‘हिसकावणं’ याची व्याख्या अशी लिहिता येईल:

‘दुसऱ्या मुलाच्या हातात असलेली वस्तू, त्या मुलाची पकड सुटलेली नसताना ओढून घेणं किंवा ओढण्याचा प्रयत्न करणं. उदाहरण: मुलीच्या हातातला लाल ठोकळा मुलगा दोन्ही हातांनी ओढतो, ती सोडत नाही. धरू नये: मुलीने जमिनीवर ठेवलेला ठोकळा मुलगा उचलतो, मग ती रडली तरी. सुरुवात: वस्तूला हात लागल्यापासून. शेवट: दोघांपैकी एकाचा हात सुटल्यावर.’

या व्याख्येत राग, हेतू, हट्ट असे शब्द कुठेच नाहीत. ते दिसत नाहीत. निरीक्षक ते अंदाजाने भरतो. ‘मुद्दाम’ हा शब्द व्याख्येत आला की दोन निरीक्षकांचं जुळणं अवघड झालंच म्हणून समजा.

कोड पाच ते सात पुरेत. त्याहून जास्त झाले की निरीक्षकाची नजर मुलावरून कागदावर जाते. एका क्षणाला एकच कोड लागू पडला पाहिजे आणि कुठलाही क्षण कोडविना राहता कामा नये. म्हणून ‘इतर’ आणि ‘दिसत नाही’ हे दोन कोड यादीत असलेच पाहिजेत. मूल खांबामागे गेलं, निरीक्षकाने ‘काहीच करत नाही’ लिहिलं, की पुढे तेच मूल एकलकोंडं ठरतं.

वेळ धरायची की घटना

जे वागणं वारंवार घडतं, त्याच्यासाठी ठरावीक अंतराने पाहून नोंद करायची. जे क्वचित घडतं, उदाहरणार्थ भांडण, त्याची वाट पाहायची आणि घडलं की सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं टिपायचं. हेलन डॉ यांनी १९३४ साली बालवयातल्या २०० भांडणांचा अभ्यास दुसऱ्या पद्धतीने केला. त्यांचा तक्ता आजही नमुना म्हणून वापरावा असा आहे: कोण सामील होतं, किती वेळ चाललं, कशावरून सुरू झालं, कोण काय म्हणालं, कसं मिटलं आणि मिटल्यावर काय झालं. भांडणं सरासरी अर्ध्या मिनिटाच्याही आत संपली आणि बहुतेक मुलांनी आपसातच मिटवली. म्हणून स्टॉपवॉच हातातच हवं. खिशातून काढेपर्यंत भांडण संपलेलं असतं.

ठरावीक अंतराची पद्धत घेतली तर तिच्यातही निवड आहे, आणि इथे चुका फार होतात. समजा १० सेकंदांचा एक टप्पा आहे आणि मूल प्रत्येक टप्प्यात २ सेकंद रडतं. ‘टप्प्यात एकदा जरी दिसलं तरी खूण’ हा नियम धरला तर रडणं १०० टक्के येईल. ‘पूर्ण टप्पाभर दिसलं तरच खूण’ धरला तर शून्य. खरं उत्तर २० टक्के. ‘टप्पा संपण्याच्या नेमक्या क्षणी काय चाललंय’ एवढंच नोंदवलं, तर पुरेसे टप्पे घेतल्यावर उत्तर २० च्या आसपास येतं. किती वेळ गेला हे हवं असेल तर हा तिसरा नियम घ्या. मात्र एकदोन सेकंदांत संपणाऱ्या दुर्मीळ गोष्टी त्यातून निसटतात. त्यांच्यासाठी घटना मोजा.

फेऱ्यांची आखणी

एका मुलाकडे १० सेकंद पाहायचं, ५ सेकंदांत कोड लिहायचा, मग पुढच्या मुलाकडे वळायचं. १० मुलांची एक फेरी १५० सेकंदांत होते. अशा १२ फेऱ्या म्हणजे ३० मिनिटं. त्याहून जास्त सलग बसू नये, लक्ष उडतं. १० दिवस असं केलं की प्रत्येक मुलाच्या १२० नोंदी हाती येतात.

मुलांचा क्रम रोज चिठ्ठ्या टाकून बदला. यादी कायम ठेवली तर पहिलं मूल नेहमी खेळाच्या पहिल्याच क्षणी टिपलं जातं, तेव्हा ते अजून काय खेळावं हेच शोधत असतं. वेळ झाल्याचा इशारा कानात लावलेल्या हेडफोनमधून घ्या. घड्याळाकडे बघत राहिलात तर मूल नजरेतून सुटतं. आणि नजरेला काही मजेदार पडलं म्हणून ठरलेलं मूल सोडून तिकडे पाहायचं नाही. हा मोह सगळ्यांना होतो. त्यातून जमा होणाऱ्या नोंदी गोंगाट करणाऱ्या मुलांच्या असतात, शांत मुलं आकडेवारीतून गळतात.

जुळणी: टक्क्यांवर विश्वास नको

आधी दोघांनी ध्वनिचित्रफितीवर सराव करायचा. स्वतंत्रपणे कोड द्यायचे, न जुळलेली प्रत्येक जागा पुन्हा पाहायची आणि व्याख्येतला कुठला शब्द ढिला आहे ते शोधायचं. ‘तुझं चुकलं’ असं म्हणून पुढे गेलात तर तोच गोंधळ पुन्हा होतो. व्याख्या दुरुस्त करायला हवी.

जुळणी मोजताना नुसते टक्के फसवतात. समजा १०० टप्प्यांत भांडण आहे की नाही हे दोघांनी नोंदवलं. दोघांनीही ‘आहे’ म्हटलं असे टप्पे ६, दोघांनीही ‘नाही’ म्हटलं असे ८४, फक्त पहिल्याने ‘आहे’ म्हटलं असे ४ आणि फक्त दुसऱ्याने म्हटलं असे ६. जुळणी ९० टक्के, छानच वाटते. पण भांडण मुळात दुर्मीळ आहे. डोळे मिटून ‘नाही’ लिहिलं तरी बरंच जुळेल. ते योगायोगाचं जुळणं वजा करण्यासाठी जेकब कोहेन यांनी १९६० साली कॅपा हे माप सुचवलं.

पहिल्याने एकूण १० वेळा ‘आहे’ म्हटलं, दुसऱ्याने १२ वेळा. योगायोगाने दोघांचं ‘आहे’ जुळण्याची शक्यता ०.१० × ०.१२ = ०.०१२. ‘नाही’ जुळण्याची ०.९० × ०.८८ = ०.७९२. बेरीज ०.८०४. आता प्रत्यक्ष जुळणीतून ही वजा करा: ०.९०० − ०.८०४ = ०.०९६. तिला १ − ०.८०४, म्हणजे ०.१९६ ने भागा. उत्तर ०.४९. म्हणजे ९० टक्क्यांच्या मागे लपलेली खरी जुळणी बेताचीच होती. प्रत्यक्ष कामाला लागण्याआधी कॅपा ०.७० च्या वर आणावा, ०.८० आला तर उत्तमच.

एकदा जुळलं म्हणून काम संपत नाही. आपली नोंद आत्ता तपासली जात नाही असं वाटलं की निरीक्षकांची अचूकता घसरते, हे जॉन रीड यांनी १९७० साली दाखवलं. त्यामुळे किमान एक पंचमांश सत्रं दोघांनी एकाच वेळी, पण स्वतंत्रपणे नोंदवावीत, आणि कुठली सत्रं तपासली जाणार हे आधी सांगू नये.

निरीक्षकाला अभ्यासाचा अंदाज काय आहे हेही शक्यतो कळू देऊ नका. रॉबर्ट रोझेंथाल आणि कर्मिट फोड यांच्या १९६३ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सांगितलं होतं की काही उंदीर हुशार वाणाचे आहेत आणि काही मंद. उंदीर खरं तर सारखेच होते, तरी ‘हुशार’ उंदरांचे निकाल सरस आले. उंदरांचं असं होतं, तर मुलांचं काय होईल!

खोलीत बसणं

पालकांची लेखी परवानगी आधी घ्या. मुलांनाही त्यांना समजेल अशा शब्दांत सांगा, आणि एखाद्याला नको असेल तर त्याला त्या दिवशी यादीतून वगळा. कागदावर नावाऐवजी क्रमांक, आणि नाव-क्रमांकाची यादी वेगळ्या कुलुपात.

पहिले दोन-तीन दिवस नुसतं जाऊन बसा. त्या दिवसांच्या नोंदी सरावापुरत्याच. मुलं वही बघायला येतात, प्रश्न विचारतात. ‘मी माझं काम करतेय’ एवढंच हसून सांगायचं आणि नजर वहीकडे न्यायची. रस दाखवला की मुलं पुन्हा पुन्हा येतात. ओरडलात तर घाबरून बाजूला होतात. दोन्हींमुळे नोंद बिघडते. कुणाला इजा होईल असं दिसलं तर मात्र नोंद तिथेच सोडून उठा. तो टप्पा कोरा राहिला तरी चालेल.

स्वभावाबद्दल बोलण्याआधी

एका दिवसाच्या नोंदीवरून मूल लाजाळू आहे म्हणणं हा अन्याय आहे. झोप अपुरी झाली असेल, मित्र आला नसेल. आधी विषम दिवसांच्या नोंदी एका बाजूला आणि सम दिवसांच्या दुसऱ्या बाजूला ठेवून १० मुलांचे प्रत्येकी दोन आकडे काढा आणि त्यांचा सहसंबंध, म्हणजे एका बाजूला वर असलेली मुलं दुसऱ्या बाजूलाही कितपत वर येतात, ते पाहा. तो ०.५० आला, तर पूर्ण १० दिवसांच्या आकड्याची विश्वसनीयता, म्हणजे पुन्हा मोजलं तर तो कितपत टिकेल याचं माप, (२ × ०.५०) ÷ (१ + ०.५०), म्हणजे ०.६७ धरता येते. हे वैयक्तिक मुलाबद्दल काही ठामपणे सांगायला अपुरं आहे; दिवस वाढवा. १० मुलांवर काढलेला सहसंबंध स्वतःही डळमळीत असतो, हे लक्षात ठेवूनच तो वाचा.

गणित करताना होणारी सगळ्यात महाग चूक म्हणजे १० मुलांच्या १२०० नोंदींना १२०० स्वतंत्र निरीक्षणं मानणं. तुमच्याकडे मुलं १० च आहेत. आधी प्रत्येक मुलाचा एक आकडा काढा, मग तुलना करा. ती १० मुलंही एकमेकांशीच खेळतात, त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याला चिकटलेला असतो; वेगवेगळ्या गटांतली मुलं घेता आली तर जरूर घ्या.

अहवालात प्रत्येक कोडची पूर्ण व्याख्या, प्रत्येक कोडचा वेगळा कॅपा आणि ‘दिसत नाही’ या नोंदींचं प्रमाण, मूलवार, छापा.